ध्यानाला बसलं की मन अजूनच पळतं. मग करायचं तरी कसं?

निशिगंध | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीत. घरात नवरा, दहावीतला मुलगा आणि माझी आई. आई ७२ वर्षांची आहे. तिचं बीपी गेले काही महिने वर-खाली होतंय. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत नुसती कूस बदलत पडते. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि जाताजाता म्हणाले, "दोघींनीही ध्यान सुरू करा. आईंना झोपेसाठी आणि तुम्हाला डोकं शांत राहायला बरं पडेल."

आई म्हणते, "लग्न झाल्यापासून जप करतेय, तेच माझं ध्यान. आता या वयात आणखी काय शिकू?" माझी अडचण वेगळी आहे. डोळे मिटले की सकाळचा स्टँडअप, क्लासची फी, गॅस नोंदवला की नाही, सासूबाईंचा फोन करायचा राहिला, सगळं एकदम आठवतं. एरवी दिवसभरात आठवत नाही ते नेमकं तेव्हाच. पंधरा मिनिटांनी उठते ती बसताना होते त्यापेक्षा जास्त दमलेली.

जपाला ध्यान म्हणायचं का? मन इतकं पळत असेल तर आपल्याला हे जमणारं नाही असं समजायचं का? आणि याचा शरीराला खरोखर फायदा होतो, की सगळं ऐकीव? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. घर दोन खोल्यांचं आहे, ध्यानासाठी वेगळी खोली वगैरे शक्य नाही.

तळजाई | सोमवार, रात्री १०:०२

वाचनखूण साठवली. माझेही अगदी हेच प्रश्न आहेत.

इंद्रायणीकाठ | सोमवार, रात्री १०:४०

निशिगंध, मन पळण्याच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण लोक सोडून देतात ते याच ठिकाणी.

मन पळणारच. पळालंय हे लक्षात आलं की चिडचिड न करता परत श्वासावर यायचं. पुन्हा पळेल, पुन्हा यायचं. पंधरा मिनिटांत पन्नास वेळा परत यावं लागलं तर पन्नास वेळा यायचं. सराव म्हणतात तो हाच. मन जराही हललं नाही अशी बैठक मी अजून कुणाकडून ऐकलेली नाही, वर्षानुवर्षं बसणाऱ्यांकडूनही नाही. तुम्ही दमता, कारण विचार आले की ते ढकलून द्यायला जाता. ढकलू नका. आलेला विचार राहू दे तिथे, फक्त त्याचं पुढचं वाक्य बोलू नका.

मी विपश्यनेत शिकलो, म्हणजे श्वास आणि शरीरातल्या संवेदना नुसत्या बघत राहण्याची ध्यानपद्धती. सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३) ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासूनचं. आपल्या पुण्याला दोन केंद्रं आहेत: स्वारगेटजवळ दादावाडीतलं धम्मपुण्ण आणि आळंदीच्या पुढे मरकळचं धम्मानंद. शिबिर दहा दिवसांचं. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, फळ आणि कुरमुरे, रात्री प्रवचन. मौन असतं, फोन-वही-पुस्तक सगळं जमा. फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यायचं.

पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकाखाली आणि वरच्या ओठाच्या वर जी छोटीशी जागा आहे तिथे श्वास लागतो का ते बघत राहायचं. आधी काहीही कळत नाही. मग एखाद्या दुपारी अचानक जाणवतं, आत जाणारा श्वास गार लागतो, बाहेर येणारा कोमट, आणि आत्ता डाव्या नाकपुडीतून जास्त चाललाय. इतकी वर्षं तो तिथेच चालू होता आणि आपलं लक्षच गेलं नव्हतं. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतर बसायला कुणी सांगावं लागत नाही.

पण घरी सुरुवात करायला शिबिराची वाट बघू नका. सकाळी दहा मिनिटं पुरे. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही, जसा चाललाय तसा बघायचा.

जपाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आमच्या परंपरेत शिबिराच्या काळात मंत्र, जप, माळ सगळं बाजूला ठेवायला सांगतात. शब्दाने मन लवकर शांत होतं हे खरं, पण मग श्वासाचं आणि शरीराचं जे आहे ते दिसत नाही.

विवेकी_कसबा | मंगळवार, सकाळी ७:१५

फायद्यांबद्दल कुणीतरी स्पष्ट लिहावं ही विनंती. व्हॉट्सअॅपवर ध्यानाने कर्करोग बरा होण्यापासून मेंदू मोठा होण्यापर्यंत काहीही फिरत असतं. वैद्यकीय क्षेत्रातलं कुणी असेल तर नेमकं काय सिद्ध झालंय ते सांगा. रोज सकाळी पर्वती चढून आलं आणि रात्री वेळेवर झोपलं तर तेच फायदे मिळत नाहीत का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आजी_नारायणपेठ | मंगळवार, सकाळी ११:२०

निशिगंध बाळा, तुझ्या आईच्या बाजूने मी लिहिते. नातवाने मराठी कळफलक घालून दिलाय, सावकाश टंकते आहे.

जप दोन तऱ्हांनी होतो. एक, हात माळेवर आणि लक्ष कुकरच्या शिट्टीवर. तोंडाने रामराम चालू आणि मनात भिशीचा हिशेब. तुझी आई असा करते असं मी म्हणत नाही, पण आपल्यापैकी पुष्कळ जणींचा असाच होतो आणि माळ पूर्ण झाली की समाधान मानतो आपण. दुसरा जप म्हणजे एका मण्याला एक श्वास. श्वास आत येताना अर्धं नाम, सोडताना अर्धं, आणि मग मणी पुढे. मधेच लक्ष गेलं तर मणी पुढे ढकलायचा नाही, त्याच मण्यावर परत नाम घ्यायचं. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलटं यायचं. ही जी फिरवण्याची क्रिया आहे ना, तिथे मी मुद्दाम दोन श्वास थांबते. पूर्वी सकाळी मी भराभर अनेक माळा ओढायचे, आता एकच करते आणि तिला चांगला वेळ लागतो.

इंद्रायणीकाठ यांना सांगते, तुमच्या शिबिराचा नियम शिबिरात पाळावाच, पण नामाने मन बघता येत नाही असं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरणं महाकठीण. आणि भगवंत त्याला खोडून काढत नाहीत, आधी "निःसंशय" म्हणून मान्यच करतात. मग उपाय सांगतात अभ्यासाचा आणि वैराग्याचा. त्याच अध्यायात हेही आहे की चंचल मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून ते परत आणावं. माउलींनी ज्ञानेश्वरीत हाच अध्याय किती प्रेमाने उलगडून सांगितलाय. यात्रेत हात सोडून पळालेल्या मुलाला आई कसं बोट धरून आणते, मारत नाही, तसं आणावं असं आमचे वडील सांगायचे.

तर आईला म्हणावं, काही नवीन शिकू नका. जपच हळू करा.

टेकडीवाला | मंगळवार, दुपारी १:०५

आजी, +१. फार सुंदर लिहिलंत.

ओपीडीनंतर | मंगळवार, रात्री १०:३०

विवेकी, प्रश्न रास्त आहे. मी मानसोपचारात काम करते, जेवढं खात्रीने सांगता येतं तेवढंच लिहिते.

२०१४ मध्ये अमेरिकेत ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, एकूण साडेतीन हजारांवर लोक. चिंता, नैराश्य आणि शारीरिक वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा होतो, याचा मध्यम प्रतीचा पुरावा मिळाला. त्याच आढाव्यात असंही आलं की औषधं, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा नाही. म्हणजे तुमची पर्वती चालू ठेवा, ती काही कमी प्रतीची नाही. पण ज्याला चढणं शक्य नाही किंवा चढूनही डोकं थांबत नाही, त्याच्यासाठी ध्यान हा खरा पर्याय आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

२०२२ मध्ये आणखी एक मोलाचा अभ्यास आला. चिंताविकार असलेल्या २७६ जणांपैकी काहींना एस्सिटालोप्राम ही नेहमीची गोळी आणि काहींना आठ आठवड्यांचं सजगतेचं (माइंडफुलनेसचं) प्रशिक्षण दिलं. दोन्ही गटांना जवळपास सारखाच गुण आला. यात एक गोष्ट मात्र नीट वाचा: हे प्रशिक्षण म्हणजे अॅपवरची पाच मिनिटं नव्हेत. दर आठवड्याला प्रशिक्षित शिक्षकाबरोबर दीर्घ वर्ग, एक पूर्ण दिवस, आणि घरी रोज पाऊण तास. हा कार्यक्रम जॉन काबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी सुरू केला. मुळात तो आपल्याकडच्या विपश्यना आणि हठयोगावर, आणि जपानच्या झेनवर उभा आहे.

मेंदू वाढण्याबद्दल: २०११ मध्ये आठ आठवड्यांत मेंदूच्या काही भागांची घनता वाढल्याचा छोटा अभ्यास आला होता आणि तोच अजून फिरतोय. २०२२ मध्ये जास्त लोकांवर, काटेकोर तुलना करून तपासलं तेव्हा असा बदल आढळला नाही. तो संदेश पुढे पाठवू नका. कर्करोग ध्यानाने बरा होत नाही. उपचार चालू असताना त्याची भीती आणि झोपेचा त्रास कमी व्हायला मात्र मदत होऊ शकते.

आता आईंबद्दल. निशिगंध, हे जरा लक्ष देऊन वाचा. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये म्हटलंय की हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करून बघायला हरकत नाही. जोडीला. गोळीच्या जागी नव्हे. बरं वाटतंय म्हणून गोळी अर्धी करणारे रुग्ण मी बघते आणि जीव घाबरा होतो. मीठ कमी, गोळी वेळेवर, आणि वर ध्यान, या क्रमाने.

झोपेसाठी २०१५ चा लॉस एंजेलिसचा अभ्यास आहे. सरासरी वय ६६, झोपेची तक्रार असलेले ४९ जण. सहा आठवडे सजगतेचा सराव करणाऱ्यांची झोप, नुसती झोपेबद्दल माहिती मिळालेल्या गटापेक्षा जास्त सुधारली. अभ्यास लहान आहे, पण वय आणि तक्रार तुमच्या आईंसारखीच. रात्री अडीचला जाग आली की घड्याळ बघायचं नाही, झोप येण्यासाठी म्हणून ध्यान करायचं नाही. पडल्यापडल्या श्वासाबरोबर नाम घ्यायचं, झोप आली तर आली.

आणि आजींचा एका मण्याला एक श्वास! आजी, तुम्ही जे लिहिलंत ते मोजून झालंय. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी लोकांना माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली प्रतिक्षिप्त क्रिया जास्त चांगली चालू लागली. भराभर माळ ओढली तर हा परिणाम कसा मिळणार? तेव्हा आईंचा जप हे ध्यानच, फक्त गती उतरवा.

विवेकी_कसबा | मंगळवार, रात्री ११:१०

मनापासून आभार. मर्यादांसकट लिहिलंत म्हणून जास्त विश्वास बसला. उद्यापासून बसतो. पर्वतीही सोडणार नाही.

मॉडेलकॉलनी | बुधवार, सकाळी ६:५५

बसण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. निम्मी लढाई तिथे असते.

पतंजलींनी आसनाची व्याख्या स्थिर आणि सुखाचं अशी केली आहे. पाठ दुखत असताना श्वासाकडे लक्ष जाईलच कसं? बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांनी इथे पुण्यात साधनांचा जो विचार केला, दोऱ्या, खुर्च्या, लोड, घडी घातलेली ब्लँकेटं, त्याचा ध्यानाला बसणाऱ्यांना फार उपयोग आहे. आमच्या भागातली त्यांची संस्था १९७५ पासूनची.

मांडी घालून बसलात की एकदा गुडघ्यांकडे बघा. गुडघे कमरेपेक्षा वर असतील तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, पोट दबतं आणि श्वास वरवर राहतो. बैठकीखाली ब्लँकेटची घट्ट घडी ठेवा, सतरंजीची चालेल, उशी नको कारण ती दबते. गुडघे कमरेच्या रेषेत किंवा खाली येईपर्यंत घडी वाढवा. घडीच्या मध्यावर बसू नका, पुढच्या कडेवर बसा, म्हणजे कंबर आपोआप सरळ होते. तरीही मांडी जमिनीला टेकत नसेल तर दोन्ही मांड्यांखाली टॉवेलची गुंडाळी द्या. पहिल्या दिवशी पाठ भिंतीला टेकवून बसलात तरी काही बिघडत नाही.

आईंना खुर्चीच बरी. जेवणाच्या टेबलाची सरळ लाकडी खुर्ची घ्या, सोफा नको. पाठीमागे कमरेच्या खळग्यात छोटी घडी. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. हनुवटी किंचित आत. हात मांडीवर अशा उंचीला की खांदे खाली ओढले जाणार नाहीत. लागलं तर मांडीवर शाल घडी करून ठेवा आणि त्यावर हात.

तळजाई | बुधवार, सकाळी ९:३०

घडीच्या कडेवर बसून बघितलं. खरंच फरक पडला, पायाला मुंग्या आल्या नाहीत. धन्यवाद.

वडगावशेरी७ | बुधवार, रात्री ११:४५

सगळे चांगलंच लिहितायत म्हणून हे लिहावं की नाही असा विचार करत होते. पण कुणाला तरी उपयोग होईल.

काही वर्षांपूर्वी घरात एक मृत्यू झाला आणि त्यानंतर लगेच मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी एका निवासी शिबिराला गेले. कुठलं ते लिहीत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून डोळे मिटले की छाती धडधडायची, हॉस्पिटलचा कॉरिडॉर दिसायचा, रात्री झोप पूर्ण बंद झाली. सांगितलं तर उत्तर मिळालं की हे जुनं बाहेर पडतंय, बसून राहा. मी बसून राहिले. घरी परतल्यावरही बराच काळ जिन्यात एकटं जायची भीती वाटायची. शेवटी उपचार घेतले तेव्हा सावरले. आता रोज ध्यान करते, पण थोडा वेळ, डोळे उघडे ठेवून.

शांततेतही माणूस घाबरू शकतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

ओपीडीनंतर | गुरुवार, सकाळी ८:१०

वडगावशेरी७, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही एकट्या नाही. ध्यानातून काहींना तीव्र भीती, निद्रानाश, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. अलीकडच्या संशोधनात याची पद्धतशीर नोंद होते आहे. तो तुमचा कमकुवतपणा नव्हता.

सगळ्यांसाठी सांगते. ताजा शोक असेल, पूर्वी मोठा आघात झाला असेल, किंवा स्वतःला बायपोलर, सायकोसिस, तीव्र नैराश्य असं काही झालेलं असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लांबच्या मौन शिबिराला जाऊ नका. विपश्यनेच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा. लपवून प्रवेश मिळवण्यात तुमचंच नुकसान आहे. बसल्यावर घाबरायला झालं तर "सहन कर" हे उत्तर नसतं. डोळे उघडा, तळपाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या वस्तूंची नावं मनात घ्या, उठून चाला. ते थांबत नसेल तर मदत घ्या. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

इंद्रायणीकाठ | गुरुवार, सकाळी ९:००

ओपीडीनंतर, पूर्ण सहमत. मी शिबिराची एवढी शिफारस करतो, म्हणून हे माझ्याही प्रतिसादाखाली वाचावं. वडगावशेरी७, तुम्ही डोळे उघडे ठेवून जे करताय ते अगदी व्यवस्थित ध्यान आहे.

टेकडीवाला | गुरुवार, सकाळी ९:४५

डोळे उघडे ठेवण्यावरून. ज्यांना बसवत नाही त्यांच्यासाठी चालण्याचं ध्यान. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला सपाट वाट आहे, तिथे मी व्यायामाचा फेरा झाला की थोडा वेळ अगदी सावकाश चालतो. टाच टेकली, चवडा टेकला, टाच उचलली, लक्ष फक्त तळपायावर. कानात काही घालायचं नाही. मोर ओरडला तर ऐकायचा आणि परत पायावर यायचं. उन्हाळ्यात साडेसहाच्या आत गेलात तर गर्दी नसते.

निशिगंध | गुरुवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे किती आभार मानू! आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. म्हणाली, "हे मला पटलं." खुर्चीखाली पाटही ठेवलाय. गोळीत काहीही बदल करणार नाही, डॉक्टरांनाही कळवते.

मी स्वतः कंपनीच्या बसमध्ये करायला लागलेय. चांदणी चौक सुटेपर्यंत फोन पर्समध्ये, आणि नुसता श्वास. पळतं मन, पण आता घाबरायला होत नाही.

दोन शंका आहेत. पावसाळ्यात नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आमच्याकडे संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. अशा वेळी काय करता? आणि मुलगाही विचारतोय, दहावीचं वर्ष आहे, त्याने करावं का, कसं?

पथकातला | गुरुवार, रात्री ११:००

आवाजाबद्दल मी बोलू शकतो, मी वाजवतोच. वाजवताना नजर ताशावर आणि कान पथकप्रमुखाच्या इशाऱ्यावर. एक क्षण दुसरा विचार आला की टिपरू (ढोल वाजवायची काठी) चुकतं आणि शेजारच्याला लगेच कळतं. खांद्याला पट्टा रुतत असतो, बोटांना चिकटपट्टी बांधलेली असते, आणि ठेका धरला की तासभर डोक्यात दुसरं काही नसतं. याला ध्यान म्हणावं का मला माहीत नाही, पण घरी गेल्यावर जी झोप लागते ती वर्षात दुसऱ्या कशाने लागत नाही.

ऐकणाऱ्याला त्रास होतो हे मान्य आहे. तुम्ही पहाटेची वेळ धरा, तेव्हा आमच्यापैकी कुणी जागं नसतं.

इंद्रायणीकाठ | शुक्रवार, सकाळी ६:३०

पहाट उत्तमच. पण संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर त्या दिवसांत श्वास सोडून आवाजच धरा. ढोल कुठे लागतो ते बघा, कानात की छातीत. 'कधी थांबणार हे' असा विचार आला की तो विचार आहे हे ओळखायचं आणि पुन्हा आवाजावर. मी कानात बोळे घालून बसण्याच्या विरुद्ध आहे, त्याने आपण दिवसभर शांततेवर हक्क सांगायला लागतो आणि घरच्यांवर खेकसतो.

आजी_नारायणपेठ | शुक्रवार, सकाळी १०:४०

खेकसण्याचं अगदी खरं. पूजेला, ध्यानाला बसलेल्या माणसाच्या धाकाने घर चिडीचूप करायचं ही आपल्याकडची जुनी खोड. आमच्या घरात मोठ्यांची पूजा चालू असताना आम्ही मुलं श्वास रोखून बसायचो. ते ध्यान काय कामाचं? निशिगंध, मुलाने मधेच हाक मारली तर ओ दे आणि परत बस.

घंटा_झाली | शुक्रवार, सायंकाळी ५:५०

मुलांबद्दल माझा अनुभव. माध्यमिक शाळेत शिकवते. राज्यात 'मित्र' या सरकारी उपक्रमातून शाळांमध्ये आनापान आलं, आमच्याकडेही परिपाठानंतर दहा मिनिटं घेतो. मार्कांवर त्याचा काय परिणाम होतो हे मी सांगू शकत नाही, पण तास सुरू होताना वर्ग जागेवर असतो आणि भांडण झालेली मुलं थोडी लवकर निवळतात, हे डोळ्यांनी बघते.

दहावीच्या मुलाने करावं, पण त्याच्यावर आणखी एक विषय म्हणून लादू नका. अभ्यासाला बसण्याआधी पाच मिनिटं, त्याच खुर्चीवर. फोन दुसऱ्या खोलीत. डोळे मिटायला अवघडत असेल तर नजर टेबलावर खाली सोडायची. श्वास सोडताना एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत आणि परत एकपासून. आकडा विसरला की एकपासून. मुलांना हे मोजणं आवडतं, कारण चुकलं हे लगेच कळतं आणि कुणी रागावत नाही. तिसऱ्यानंतर पुढे जाता येत नाही म्हणून आमच्या वर्गात एक मुलगा रडवेला झाला होता. त्याला सांगितलं, तीनपर्यंत जाऊन परत ये, तेही पुरतं. आता तोच बाकीच्यांना शिकवतो.

परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात आल्यावर वाचण्याआधी तीन श्वास मोजायची सवय आत्तापासून लावा. मार्चमध्ये पहिल्यांदा करायला सांगितलं तर होत नाही. आणि बसून झाल्यावर "लागलं का ध्यान?" असं विचारू नका. काय झालं ते त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

निशिगंध | शुक्रवार, रात्री ९:१५

ताई, मोजण्याची पद्धत त्याला दाखवली, लगेच करून बघितली. पाचवर अडकला. विचारतोय, परीक्षेत श्वास मोजताना वेळ वाया जाणार नाही का?

घंटा_झाली | शुक्रवार, रात्री ९:४०

तीन श्वासांना अर्धं मिनिटही लागत नाही. पूर्वी पेपर नुसता वाचायला आधी दहा मिनिटं मिळायची, २०२३ पासून ती शेवटी जास्तीची मिळतात, तेव्हा तीन श्वासांनी काही बिघडत नाही. पाचवर अडकला तर छान आहे, आमच्याकडे बहुतेकांची सुरुवात तीन-चारवरच होते. एका ओळीत दहा आले की मला इथे कळवायला सांगा.